आधी पुस्तक मिटा

पत्र:

मी ३१ वर्षांची आहे. फार्मसीची पदवी केव्हाच झाली, पण स्वतःच्या जबाबदारीवर काम करायचं तर परवान्याची परीक्षा पास व्हावी लागते. मागच्या वेळी थोड्या गुणांनी हुकली. आता नऊ आठवड्यांनी दुसरा प्रयत्न. दिवसा औषधालयात सहायक म्हणून काम, रात्री नऊ ते दीड अभ्यास, सकाळी सहाला उठते. एकच पान तीन-तीनदा वाचते आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. सराव परीक्षेला बसले की हात गार पडतात, पोटात गोळा येतो. एरवी काउंटरमागे झोपेतही सांगेन अशा गोष्टी आठवत नाहीत. दहा मिनिटं नुसती बसले तरी चोरी केल्यासारखं वाटतं. अभ्यासाच्या ग्रुपवर कुणीतरी रोज 'आज ११ तास झाले' असं टाकतं, ते वाचून रडू येतं. नापास झाल्याचं फक्त नवऱ्याला माहीत आहे. बाकीच्यांना 'निकाल लांबलाय' असं सांगितलंय. निकालाची पहिली ओळ वाचून फाइल बंद केली, ती पुन्हा उघडली नाही. एक मैत्रीण म्हणाली, प्रोप्रॅनोलॉल घे, हात थरथरत नाहीत. गोळी तर हाताशीच असते. आणि लिहायला लाज वाटते, पण कामावर जाताना कधी कधी मनात येतं, छोटासा अपघात व्हावा, पाय मोडावा, म्हणजे परीक्षा टळेल. हा ताण कसा घालवू? की परीक्षाच पुढे ढकलू?

उत्तर:

पाय मोडण्याची गोष्ट तुम्ही लाजत लाजत शेवटी लिहिलीत, म्हणून मी तीच आधी घेते. असा विचार करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. परीक्षेच्या तयारीत थकलेली कितीतरी माणसं मला हेच सांगतात, फक्त कुणाला ताप हवा असतो, कुणाला परीक्षा केंद्रात आग. माणूस इतका दमलेला असतो की त्याला सुट्टी हवी असते, आणि सुट्टी मागायची लाज वाटते म्हणून ती अपघाताने मिळावी असं वाटतं. एवढंच असेल तर त्यावर पुढे बोलूच. पण हा विचार 'पाय मोडावा' इथून 'सकाळी जागच येऊ नये' इथे सरकला, तर अभ्यास जिथे असेल तिथे ठेवा, नवऱ्याला त्याच दिवशी सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे परीक्षेचा हिशेब करायचा नाही.

आता मूळ प्रश्न. 'ताण कसा घालवू' असं विचारणाऱ्याला बहुतेक जण ध्यान, फिरणं, संगीत असं काहीतरी सांगतात. वाईट काहीच नाही त्यात. पण तुम्ही साडेचार तास झोपता. त्यात आणखी अर्धा तास 'ताणमुक्ती'चा घातला तर तेही एक काम होऊन बसेल आणि ते चुकलं की त्याचाही ताण येईल. मला तुमचं पत्र वाचताना वेगळंच दिसलं. तुमचा निम्म्याहून जास्त ताण तुमच्या अभ्यासाच्या पद्धतीतून येतोय. रोज साडेचार तास घालायचे आणि सकाळी पाटी कोरी, हे महिनोन् महिने चाललं तर घाबरणार नाही तो माणूस कसला? तुमचं मन खोटं बोलत नाहीये. त्याला दिसतंय की कष्ट होताहेत आणि पदरात काही पडत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. समुपदेशनाचा परवाना मिळवण्यासाठी मीही एक परीक्षा दिली आणि पहिल्या वेळी आपटले. माझं पुस्तक बघायला हवं होतं तुम्ही. व्याख्या पिवळ्या, अपवाद गुलाबी, आकडे हिरवे. तीन वेळा संपूर्ण वाचलेलं. परीक्षेत एक प्रश्न आला आणि मला लख्ख आठवलं की याचं उत्तर डावीकडच्या पानावर, वरून दुसऱ्या परिच्छेदात, गुलाबी रंगात आहे. कोपऱ्यावर चहाचा डाग होता तोही आठवला. उत्तर मात्र नाही आठवलं. पान ओळखीचं झालं होतं, आतला मजकूर नव्हता.

रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं. एका गटाने एक उतारा चारदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग तीनदा, न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर चारदा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! तुमची रात्रीची 'झालं एकदाचं हे प्रकरण' ही भावना आणि सकाळची कोरी पाटी यांचं कोडं इथे सुटतं.

तेव्हा आधी पुस्तक मिटा. शब्दशः मिटा. समोर कोरा कागद घ्या आणि स्वतःला काउंटरवरचा प्रश्न विचारा: रक्त गोठू न देणारं वॉरफरिन चालू असलेला माणूस मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन आलाय, आता काय? लिहा. 'रक्तस्राव वाढेल' एवढं सहज येईल. मग, का? तुम्ही पेन चावाल. सीवायपी २सी९ हे एन्झाइम आठवेल किंवा नाही आठवणार. वॉरफरिनचं विघटन मंदावतं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, चढतो, मग डॉक्टरांना काय कळवायचं, रुग्णाला कोणती लक्षणं सांगायची, आयएनआर पुन्हा कधी बघायचा. जे नाही आलं तिथे रिकामी जागा सोडा. पाच मिनिटं झाली की पुस्तक उघडा आणि फक्त त्या रिकाम्या जागा लाल पेनाने भरा.

हे वाचण्यापेक्षा कष्टाचं आहे आणि पहिले आठ-दहा दिवस अपमानास्पदही वाटेल, कारण कागदावर लालच लाल दिसेल. घाबरून पुन्हा वाचनाकडे पळू नका. ते आठवायला लागणारे कष्ट म्हणजेच अभ्यास; बाकी सगळं अभ्यासाचं वातावरण. शिवाय पेन चावत बसण्याची, 'येत नाहीये' या भावनेसोबत पाच मिनिटं काढण्याची तुमच्या अंगाला सवय होते. परीक्षेच्या खोलीत दुसरं काय असतं?

त्याच लाल कागदावरचा प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर, न बघता लिहायचा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच, निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करकरून, दाखवून ठेवलंय की विसरण्याचा सगळ्यात मोठा झपाटा पहिल्या एका दिवसात असतो आणि पुढे तो मंदावतो. म्हणजे सकाळी कोरं वाटणं हा तुमच्या डोक्याचा दोष नाही, सगळ्यांचंच तसं होतं. तुम्ही आजवर उजळणी नेमकी उशिरा, धडा पूर्ण धुऊन गेल्यावर, केलीत.

आता झोप. इथे तुम्ही माझ्याशी भांडणार, म्हणून आकडेच मांडते. रोज साडेचार तास, ६३ दिवस, म्हणजे २८३ तासांच्या वर. मी सांगतेय, रात्री नऊ ते साडेदहा, सकाळी पाऊण तास आणि दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं लाल कागद. म्हणजे अडीच तास. ६३ दिवसांचे १५७ होतात. तुम्ही लगेच वजाबाकी कराल: सव्वाशे तास गेले! रात्र थोडी आणि सोंगं फार असताना ही बाई झोपायला काय सांगते?

पण त्या सव्वाशे तासांचं खरं मोल बघा. सहाला उठलेला माणूस रात्री अकराला १७ तास जागा असतो. डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली मोजलं होतं की १७ तास जागं राहिल्यावर माणसाच्या हालचालींतली अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. अकरानंतरचा तुमचा अभ्यास म्हणजे दोन पेले घेऊन औषधांच्या मात्रा पाठ करणं. वर दिवसभरात शिकलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेत. तीच कापली तर नऊ ते अकराचं कामही अर्धवट राहतं. अकराला आडव्या व्हा, सहाला उठा. सात तास. यात मी घासाघीस करणार नाही.

कॉफीबद्दल पत्रात काही नाही, पण रात्री दीडपर्यंत जागणारी व्यक्ती पाण्यावर जागत नसते. तुम्ही फार्मसीवाल्या, तुम्हाला कॅफिनचं अर्धायुष्य मी काय सांगणार? साधारण पाच तास. संध्याकाळी सातच्या कपातलं निम्मं मध्यरात्री अंगातच असतं. काउंटरवर दुसऱ्याला जे सांगाल ते स्वतःला सांगा.

दहा मिनिटं बसल्यावर चोरी केल्यासारखं वाटतं, हे तुमचं वाक्य मला फार लागलं. यावर उपाय आहे आणि तो निव्वळ कारकुनी आहे. साडेदहाला पुस्तक मिटताना एका चिठ्ठीवर एकच ओळ लिहा: उद्या सकाळी कुठून सुरू करणार. 'कार्डिओ बघायचंय' असं नको. 'सव्वासहाला डिगॉक्सिनच्या विषबाधेची लक्षणं, न बघता' असं. मॅसिकँपो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ सालच्या प्रयोगांत दिसलं की अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं, पण ते नक्की कधी आणि कसं करायचं हे ठरवून टाकलं की, काम झालेलं नसतानाही, टोचणी थांबते. काम संपलंच पाहिजे असं मनाचं म्हणणं नसतं, ते कुणीतरी नोंदवून घेतलंय एवढी खात्री त्याला पुरते. मग उरलेला अर्धा तास तुमचा. भिंतीकडे बघत बसा.

आठवड्यातला अर्धा दिवसही पूर्ण सुट्टीचा ठेवा आणि तो वेळापत्रकात पेनाने लिहा. अपघाताची वाट बघावी लागू नये म्हणून.

परीक्षेच्या खोलीत जे होतं त्याकडे वळू. हात गार पडणं आणि डोकं रिकामं होणं तुम्हाला एकच वाटतं, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गार पडणं, छाती धडधडणं हे शरीराचं तयार होणं आहे आणि त्याने गुण जात नाहीत. गुण जातात ते त्याच वेळी डोक्यात चालू झालेल्या बडबडीने: गेलं, यंदाही गेलं, घरी काय सांगू. एका वेळी मनात थोड्याच गोष्टी धरता येतात. त्यातली निम्मी जागा या बडबडीने अडवली तर प्रश्न धरायचा कुठे?

म्हणून हात गरम करण्याच्या भानगडीत पडू नका. 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावणंही फारसं चालत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' म्हणणाऱ्यांची कामगिरी बरी झाली. मला ते वाक्य मराठीत जरा नाटकी वाटतं. मी स्वतः दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी म्हटलं होतं, 'अंग तापलंय, चला.' तुम्हाला जमेल ते म्हणा. बडबड सुरू झाली की पेन खाली ठेवा, नाकाने श्वास घ्या आणि घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. असं चार-पाच वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीरशास्त्र तुम्हाला माहीत आहे. मग समोरच्या प्रश्नात रुग्णाचं वय काय दिलंय तेवढंच शोधा, मग त्याची औषधं. काउंटरवर तुम्ही हेच करता, चिठ्ठी हातात आली की नाव, वय, औषध, मात्रा. तिथे तुमचं डोकं कधी रिकामं पडत नाही.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवून काढली की गुण वाढतात, असा २०११ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे. पुढे तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फायदा दिसला नाही. सराव परीक्षेआधी एकदा करून बघा. बरं वाटलं तर ठेवा, नाही तर सोडा.

तुमची परीक्षा कशी असते ते पत्रात नाही. पण काही परवाना परीक्षा, उदाहरणार्थ अमेरिकेतली परिचारिकांची एनसीएलईएक्स, संगणकावर अशा घेतल्या जातात की उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण येतो आणि चुकलं की सोपा. म्हणजे चांगली तयारी असलेल्या माणसालाही सतत आपल्या पातळीचेच प्रश्न येत राहतात आणि 'निम्मं चुकतंय' असं वाटत राहतं. शिवाय त्यात काही प्रश्न नुसते चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांचे गुणच धरत नाहीत. तुमच्या मंडळाच्या माहितीपत्रकात हे कसं आहे ते एकदा नीट वाचा. मधेच एखादा भलताच प्रश्न आला की 'संपलं' असं वाटतं, त्याचा निम्मा जीव या माहितीनेच जातो. आणि रविवारी सराव परीक्षा द्याल ती खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, पूर्ण लांबीची, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून द्या. पलंगावर लोळत वीस-वीस प्रश्न सोडवणं म्हणजे सराव परीक्षा नव्हे.

प्रोप्रॅनोलॉल. नको, निदान अशी नको. ती हातांची थरथर आणि धडधड कमी करते हे खरं, पण मघाशी सांगितलं तसं, गुण थरथरीने जात नाहीत, बडबडीने जातात, आणि बडबडीवर या गोळीचा फारसा उपयोग नाही. कुणाला दमा असतो, कुणाची नाडी मुळातच मंद असते, कुणाला चक्कर येते. डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी. मग तीही आधी एखाद्या सरावाच्या दिवशी घेऊन बघायची असते. पण मैत्रिणीच्या सांगण्यावरून, कामाच्या जागेच्या कपाटातून? चिठ्ठीशिवाय गोळी कुणाच्या हातात पडू नये, याचीच राखण करायला तुम्ही परवाना मागताय.

ग्रुप आजच सोडा. '११ तास' लिहिणाऱ्याने त्यातले किती तास फोनवर काढले हे त्याचं त्याला ठाऊक. काही हवंच असेल तर एक माणूस निवडा, जो आठवड्यातून दोनदा तुम्हाला फोनवर प्रश्न विचारेल आणि तुम्ही त्याला.

घरच्यांना खरं सांगा असा उपदेश मी करणार नाही, कारण तुमच्या घरातली माणसं मी ओळखत नाही. एवढंच म्हणेन, 'निकाल लांबलाय' ही थाप रोज सांभाळावी लागते. कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं, फोन वाजला की दचकायचं. तुमच्याकडे लक्षात ठेवायला आधीच दोन हजार औषधं आहेत. एकदाच, उभ्या उभ्या सांगून टाकता येईल असं एक वाक्य देते: 'मागच्या वेळी थोडक्यात राहिलं, पुन्हा देतेय, झालं की मीच सांगेन, तोवर विचारू नका.' शेवटचा भाग विसरू नका. नवऱ्याला मात्र एक ठोस काम द्या. 'मला समजून घे' याने कुणालाच काही कळत नाही. रात्री अकराला दिवा मालवणं आणि तुम्ही कितीही वाद घातलात तरी तो पुन्हा न लावणं, हे कळतं.

परीक्षा पुढे ढकलायची का? आत्ता ठरवू नका. सध्या तुम्हाला रात्री एक वाजता विचारलं तर जगातली प्रत्येक गोष्ट पुढे ढकलावीशी वाटेल. तारीख बदलायची शेवटची मुदत कधी आहे आणि त्याला काय लागतं, एवढं आज बघून कॅलेंडरवर लिहा. मग पाच आठवडे वर सांगितलेल्या पद्धतीने काढा, सात तास झोपून. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात एकेक पूर्ण सराव परीक्षा द्या. दोन्हींत पास होण्याच्या रेषेच्या बऱ्याच खाली असाल तर खुशाल पुढे ढकला. तो शहाणपणाचा निर्णय असेल. रेषेच्या आसपास किंवा वर असाल आणि तरीही भीती वाटत असेल, तर जा. ती भीती पुढच्या तारखेलाही तुमच्या आधी येऊन बसलेली असेल. मुदत सहाव्या आठवड्याच्या आधीच संपत असेल तर दोन्ही सराव परीक्षा तेवढ्या अलीकडे घ्या. आणि वेळ मिळूनही झोप लागेनाशी झाली, अन्न जाईना, किंवा अधूनमधून एकाएकी श्वास कोंडून आता मरतेय की काय असं व्हायला लागलं, तर गुण काहीही येवोत, डॉक्टरांना गाठा.

राहता राहिली ती न उघडलेली निकालाची फाइल. अशा निकालांत बहुतेक वेळा विषयवार खुलासा असतो: कुठे बरं, कुठे कमी, कुठे अगदीच कमी. थोडक्यात गेलेल्या माणसाचं सगळंच कच्चं नसतं, दोन-तीन कोपरे कच्चे असतात. ते कुठले हे त्या फाइलीत लिहिलंय आणि तुम्ही ती बंद ठेवून सगळं पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसल्या आहात. पहिल्या ओळीत वाईट काय आहे ते तुम्हाला आधीच माहीत आहे. त्याखाली सगळी कामाचीच माहिती आहे. उघडा. पण रात्री अकरानंतर एकटीने नको. उद्या संध्याकाळी, नवरा शेजारी बसलेला असताना, त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही फक्त कच्च्या विषयांची नावं लिहून घ्या. पहिल्या कोऱ्या कागदाचा प्रश्न त्या यादीतूनच काढा.